खिशातला लगदा

१

शुक्रवारी सकाळी साडेदहाला सुनेने मोठ्या मशीनचं दार उघडलं, हॉटेलच्या स्वयंपाक्यांचे वीस पांढरे कोट एकेक करून टोपलीत ओढले आणि सतराव्या कोटाला हात लावताच ती ओरडली.

लॉन्ड्रीत ओरडायचा हक्क एकट्या आक्काचा. त्यामुळे इस्त्रीच्या टेबलाशी उभी असलेली आक्का आधी रागावली आणि मग वळली.

“काय गं सूनबाई, बोट अडकलं का कुठे?”

“आई, खिशात काहीतरी राहिलंय.”

खिशात भिजलेल्या पावासारखा करडा गोळा होता. त्याला नखाएवढा एक चकचकीत तुकडा चिकटलेला. तुकड्यावर हिरव्या पोपटाचा अर्धा पंख आणि ताडाच्या झाडाचा शेंडा.

तो पोपट घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. मंगळवारी टपालाने जाड पाकीट आलं, त्यावर तो बसला होता. शहराबाहेर काचेच्या घुमटाखाली वॉटर पार्क आहे. बाहेर कितीही गारठा असो, आत बारा महिने उष्ण बेटावरचा उकाडा, ताडाची झाडं, लाटांचा तलाव आणि तीन मजली घसरगुंड्या. पाकिटात पार्कचं पत्र होतं आणि मनगटाला बांधायचे प्लॅस्टिकचे सात पट्टे, येत्या रविवारचे. पट्टा नाही तर प्रवेश नाही. सोमवारपासून घुमट दुरुस्तीसाठी बंद. आणि पुढच्या मंगळवारी धाकटी लेक नोकरीसाठी परदेशी निघणार होती, ती कधी परतणार हे तिलाच माहीत नव्हतं. सगळं घर एकत्र असण्याचा तेवढा एकच दिवस हातात होता.

आक्काने तो दिवस लग्न ठरवावं तसा ठरवला होता. सात टॉवेल, प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा दोरा. गाडीत पुढे कोण, मागे कोण. लाटांच्या तलावात नातवंडांचे हात कोणी धरायचे. उकडलेली अंडी किती. सगळ्यात उंच घसरगुंडीवर ती स्वतः बसणार होती. “चाळीस वर्षं लोकांचे कपडे पाण्यात घातले, आता एकदा स्वतःला घालते,” असं तिने जाहीर केलं होतं, आणि आक्काने जाहीर केलेलं मागे घेतलेलं गल्लीत कोणी पाहिलेलं नव्हतं.

काउंटरचा खण तिने ओढून पाहिला. पाकीट नव्हतं.

२

अर्ध्या तासात घर दुकानात गोळा झालं आणि निकालही लागला.

“तुला जायचंच नव्हतं,” थोरला बायकोला म्हणाला. तो गाडीतून कपडे पोचवून नुकताच आला होता, किल्ली अजून हातात. “रविवारी दुकान बंद ठेवलं तर हॉटेलवाले दुसरीकडे जातील, हे गेले तीन दिवस कोण म्हणतंय?”

“म्हणाले मी. म्हणून काय पाकीट धुवायला टाकीन?”

“मशीन कोणी लावलं?”

“मी लावलं. रोज मीच लावते. त्याबद्दल कधी कोणी विचारलं नाही, आज बरं विचारताय!”

“दादा, जरा हळू,” धाकटी म्हणाली. “वहिनी, चुकून गेलं असेल. चुकून गेलं असेल तर तसं सांग ना.”

आबा दारात उभे होते. आबा म्हणजे आक्काचे यजमान, टपालखात्यातून निवृत्त झालेले, आवाज न चढवता जन्म काढलेले. ते एवढंच म्हणाले, “झालं ते झालं. नाही जायचं म्हणजे नाही जायचं. त्यात भांडायचं काय?”

आक्काने सगळ्यांना तोंड बंद करायला सांगितलं आणि टोपलीतले वीस कोट पुन्हा टेबलावर पसरले.

लॉन्ड्रीत एक नियम होता. कपडा मशीनजवळ जायच्या आधी त्याचे खिसे बाहेर काढायचे, कुत्र्याच्या जिभेसारखे. हे काम आक्का दुसऱ्या कोणाला देत नसे. गुरुवारी संध्याकाळी तिने या विसाही कोटांचे खिसे बाहेर काढून टोपली खिडकीखाली ठेवली होती. आता एकोणीस कोटांचे खिसे बाहेरच होते. उरलेल्या एकाचा एक खिसा बाहेर, एक आत.

म्हणजे कोणीतरी आत ढकललेला खिसा. चुकून काहीच झालेलं नव्हतं.

मग तिने लगदा गाळणीत घेऊन नळाखाली धरला. बोटांनी चोळला, धुतला, पुन्हा चोळला. सून शेजारी उभी राहून बघत होती. कागद होता, पोपट होता. पण एवढ्या गरम पाण्यात कागद विरघळतो, प्लॅस्टिक विरघळत नाही.

“सूनबाई,” आक्का हळूच म्हणाली, “पट्टे कुठे आहेत?”

३

पट्टे मशीनच्या जाळीत नव्हते, पाइपात नव्हते, इतर कोटांतही नव्हते. म्हणजे पाकीट धुतलंच गेलं नव्हतं. कोणीतरी पोपटाचा कोपरा फाडून दुसऱ्याच कागदाला चिकटवला होता आणि खरं पाकीट कुठेतरी सुखरूप ठेवलं होतं. रविवार मोडायचा, पण पट्टे नासायचे नाहीत. असा हळव्या हाताचा चोर आक्काने पाहिलेला नव्हता.

हे तिने पोटात ठेवलं, सुनेलाही गप्प राहायला सांगितलं आणि एकेकाला मागच्या खोलीत बोलावलं.

थोरला आत येतानाच म्हणाला, “मी सहाला गाडी घेऊन निघालो. अकराला आलो. हॉटेलवाल्याला विचार.”

“विचारणारच आहे. बायकोवर एवढा तडकलास का?”

“मग काय! मुलं आठवडाभर बाथटबमध्ये डोकं बुडवून श्वास धरतायत. त्यांना काय सांगू?”

“मला आधी सांग. तुला जायचंय ना?”

“आई, मला त्या घसरगुंड्या बघूनच चक्कर येते. पण जायचंय.”

धाकटी आली ती डोळे पुसतच. “मी साडेआठपर्यंत झोपले होते. तुझ्याच खोलीत.”

“माहीत आहे. घोरत होतीस. परदेशात कोणी खोली देणार नाही तुला.”

“आई!”

“जायच्या आधी आमच्याबरोबर एक दिवस काढणं नको झालंय का? खरं सांग. बॅगा भरायच्या राहिल्यात म्हणून?”

“बॅगा गेल्या खड्ड्यात. मीच तर पार्क शोधून काढलं,” धाकटी म्हणाली, आणि पुन्हा रडू लागली.

सून आली, पदर खोचून, कामाच्या घाईत. “मी सातपर्यंत वर तुमच्यासमोर चहा गाळत होते. मग मुलांची शाळा. आठला खाली आले, साडेआठला कोट मशीनमध्ये घातले. त्या अर्ध्या तासात दुकानात मी एकटी होते, हेही सांगून टाकते. नाहीतर तुम्हीच काढाल.”

“काढलंच होतं.”

“मग माझं नाव लिहून टाका आणि मला इस्त्रीला सोडा.”

मधला एक तास आक्काच्या स्वतःच्या ताब्यात होता. रोज सात ते आठ ती दुकानाच्या खिडकीत खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसे, आजही बसली होती, पाय टोपलीवर ठेवून. त्या तासात टोपलीला माशीही बसली नव्हती. म्हणजे उद्योग एकतर सातच्या आधी झाला, नाहीतर आठ ते साडेआठच्या मध्ये.

आबांना तिने शेवटी बोलावलं. ते बुटांना पॉलिश करत होते, बूट घेऊनच आले.

“सकाळी काय काय केलंत?”

“रोजचंच. साडेसहाला खाली आलो, पेपर उचलला, तुझ्या खुर्चीवर ठेवला. साडेसातला फिरायला गेलो.”

“पाकीट पाहिलंत?”

“मी कशाला पाहीन?” आबा म्हणाले आणि चकचकीत झालेल्या बुटावर पुन्हा ब्रश फिरवू लागले.

४

दुपारी आक्काने तो पांढरा कोट खिडकीशी नेला. खिशाच्या आतल्या कापडावर धुरकट राखाडी छटा उतरली होती. पार्कचं पत्र रंगीत, त्याची शाई अशी उतरत नाही. ही शाई वर्तमानपत्राची. स्वयंपाकी सुऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात ठेवतात, तेव्हा पडणारा डाग ती अंधारातही ओळखेल.

जुनी रद्दी गुरुवारीच गेली होती. घरात वर्तमानपत्र एकच होतं, आजचं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आक्काला आकडे येत होते, लहानपणी दोन वर्षं शाळेत जाऊन मिळवलेले. सही येत होती, तीही चित्र काढावं तशी. अक्षरं येत नव्हती. रोजचा तास ती चित्रं बघायची, पानं उलटायची, मधूनच “काय दिवस आलेत!” म्हणायची, आणि बातमी कोणती हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मुलं लहान असताना अभ्यास आबा घेत. आक्का बाजूला बसून “चूक आहे” एवढंच म्हणायची, आणि मुलं घाबरून चूक शोधून काढायची. दुकानात आलेली पत्रं आबा दार लावून तिला वाचून दाखवत. मंगळवारचं पार्कचं पत्रही त्यांनीच वाचलं होतं. हे जगात फक्त त्या दोघांना ठाऊक होतं. आक्काला ते तसंच राहायला हवं होतं, तिच्याबरोबर जाईपर्यंत.

तिने वर्तमानपत्र उघडलं आणि आकडे बघत पानं मोजली. आठ, नऊ, दहा. दहाव्या पानाला पुढचं पान चिकटलं होतं. सकाळी कप कलंडला होता, गोड चहा कागदातून झिरपून वाळला होता. तिने नखाने पानं सोडवली. पुढचं पान तेरावं होतं.

अकरा आणि बारा नव्हतीच. त्या कागदावर रोज मुंग्यांसारख्या बारीक अक्षरांच्या सूचना असतात, एकही चित्र नाही. आक्का ते पान नेहमी न थांबता उलटते.

दोन्ही पानांवरचे चहाचे डाग तिने एकमेकांवर ठेवले. काठाला काठ जुळला. डागांचं तिला कोणी शिकवायला नको. चहा सांडला तेव्हा मधे कागद नव्हता. तो तिने पेपर हातात घ्यायच्या आधीच गेला होता. सातच्या आधी.

सातच्या आधी थोरला बाहेर, धाकटी अंथरुणात, सून चहाच्या भांड्यापाशी. आणि दुसरं म्हणजे, आक्काने अजून न वाचलेल्या पेपरातून पान फाडायची हिंमत घरात कोणाची होती? ज्याला माहीत आहे की ते पान गेल्याचं तिला कळणार नाही, त्याचीच. फक्त पानांवर आकडेही असतात, एवढं तो माणूस विसरला.

कोण, ते कळलं होतं. का, ते कळत नव्हतं. त्यांना पाण्याची भीती नव्हती, नातवंडांवर जीव होता, धाकटी तर लाडकी.

तेवढ्यात धाकटी फोन हातात घेऊन आली. “आई, पार्कच्या बाईशी बोलले. रविवार भरलाय, नवे पट्टे मिळणार नाहीत. वर मलाच ऐकवत होती, पत्र नीट वाचलंत ना म्हणे, आल्यावर खिडकीपाशी गर्दी होते.”

“कसली गर्दी?”

“मागे कोणीतरी न वाचताच सही केली आणि भांडण कोर्टात गेलं. म्हणून आता प्रत्येक मोठ्या माणसाने चार ओळींचं हमीपत्र तिथेच, कारकुनासमोर, स्वतःच्या हाताने लिहायचं. दुसऱ्याने लिहिलेलं चालत नाही.” धाकटीने नाक पुसलं. “पत्रात होतं ना ते?”

“होतं,” आक्का म्हणाली.

आबांनी वाचून दाखवताना तेवढाच भाग गिळला होता.

५

चार वाजता थोरल्याने काउंटरवरचा पेपर हातात घेतला. त्याला धाकटीने मधेच गाठून पट्टे धुतले गेले नाहीत हे सांगितलं होतं, तिला सुनेने सांगितलं होतं. गुपित तीन तास टिकलं, हेच खूप. लगदा मग कशाचा, हे शोधायला त्याला दहा मिनिटं लागली.

“अकरा-बारा पान नाही!” तो ओरडला. सगळे इस्त्रीच्या टेबलाभोवती जमले. मुलं जिन्यावर बसून खाली बघत होती. “आई, सात ते आठ तू पेपर वाचलास. शब्द न् शब्द वाचतेस. तेव्हा हे पान होतं ना?”

आक्का टेबलावरच्या कपड्याची घडी घालू लागली.

“होतं तर मग आठनंतर फाडलं. आठनंतर इथे एकटी कोण होती, ते तिनेच कबूल केलंय.” त्याने बायकोकडे बघितलंही नाही. “फक्त एवढं सांग. पान होतं?”

एका शब्दाचा प्रश्न होता. ‘होतं’ म्हटलं की विषय संपला. सून चार दिवस रडेल, रागावेल, मग कामाला लागेल. सुना सोसतात. आक्काने स्वतःही सासूचं काय काय सोसलं होतं, न केलेल्या गोष्टींसाठी. सुनेने इस्त्री स्टँडवर उभी केली आणि ती सासूकडे बघू लागली. विनवणी नव्हती त्या नजरेत. काय उत्तर येणार ते ठाऊक असलेल्या माणसाची नजर होती ती.

तीच नजर आक्काला झोंबली.

“पान होतं की नव्हतं, मला काय ठाऊक,” ती म्हणाली. “मला वाचता येत नाही.”

जिन्यावर नात हसली, मग कोणीच हसत नाही हे बघून थांबली.

“अगं, काहीतरीच काय बोलतेस?” आबा पुढे आले.

“तुम्ही गप्प बसा. तुम्हीच तर चोर.” आक्काने पेपर ओढून घेतला आणि दहावं पान तेराव्यावर ठेवलं. “हा चहा मी सांडला, सव्वासातला. डाग बघा. पान आधीच गेलेलं. सातच्या आधी खाली एकच माणूस होता. पेपर उचलायला जातो, तो. आजवर जे कोणाला सांगितलं नाही, ते माहीत असलेला. खिडकीपाशी मला चार ओळी लिहायला लावतील, तुमच्या सगळ्यांसमोर माझी फजिती होईल, म्हणून या माणसाने आपल्या लेकीचा शेवटचा रविवार मोडायला घेतला. आणि ही दिवसभर शिव्या खातेय, ते बघत बूट घासत बसला.”

आबांची मान खाली गेली. “संध्याकाळी सांगणार होतो,” ते म्हणाले. “सुनेला बोल लागेल हे डोक्यातच आलं नाही. तुला कसं वाचवायचं, एवढंच होतं.”

“मी मागितलं होतं वाचवायला?”

त्यांनी पॉलिशचा डबा आणला. तळाशी, फडक्याखाली, सात पट्टे आणि दुमडलेलं पत्र होतं.

थोरला बायकोकडे वळला आणि किल्लीशी खेळू लागला. धाकटी तोंडावर हात ठेवून उभी होती. पहिली बोलली ती सून.

“आई, मग रोज सकाळी तासभर पेपर धरून काय बघत होता?”

“तुला,” आक्का म्हणाली. “मुलांना शाळेत नेता-आणताना पेपरच्या वरून नीट दिसतेस.”

सुनेने इस्त्री उचलली. ती हसत होती की रडत होती, वाफेत कळलं नाही.

६

रविवारी पार्कच्या दारात लांबच लांब रांग होती. बाहेर थंडी, आणि दार उघडलं की आतून ओल्या पानांचा, क्लोरीनचा गरम श्वास. खिडकीतल्या कारकुनाने पाच कागद, पाच पेनं पुढे सरकवली. थोरल्याने लिहिलं, धाकटीने लिहिलं, सुनेने लिहिलं, आबांनी वळणदार अक्षरात लिहिलं. पाचवा कागद कोराच राहिला.

“आजी, लिहा ना.”

“मला लिहिता येत नाही.” आक्का नेहमीच्याच आवाजात बोलली, म्हणजे रांगेच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. “तुम्ही मोठ्याने वाचा. पटलं तर सही करीन. सही येते.”

“तसा नियम नाही हो. ज्यांनी लिहिलं नाही, त्यांनी कोरड्या बाकावर बसायचं.”

“तुमचा नियम कशासाठी आहे? माणसाने न समजता सही करू नये म्हणूनच ना? मग मला समजावून द्या. तोवर मी इथून हलत नाही.”

कारकून आत साहेबाला विचारायला गेला. मागून कोणीतरी कुरकुरलं, “काय कटकट आहे सकाळी सकाळी! आजीबाईंना बाजूला घ्या ना.”

आबा तिच्या दंडाला धरून बाजूला न्यायला लागले. सून मधे आली. तिने सासऱ्यांचा हात हळूच सोडवला आणि मागे वळली.

“थांबावं लागेल,” ती त्या माणसाला म्हणाली. तो आवाज कुठून आला, हे थोरल्याला लगेच कळलं. बारा वर्षं आक्काच्याच दुकानात काढली होती तिने. “आमच्या आई ऐकल्याशिवाय सही करत नाहीत. तुम्ही तरी वाचून करणार का तुमची?”

तो माणूस खिडकीतल्या कोऱ्या कागदाकडे बघायला लागला.

कारकून परतला, घाम पुसला, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून चार ओळी मोठ्याने वाचू लागला. आक्का सुनेच्या खांद्यावर हात ठेवून ऐकत होती. तिसऱ्या ओळीला तिने त्याला थांबवलं.

“ही पुन्हा वाचा. घसरगुंडीवर काही झालं तर तुमची जबाबदारी नाही, असं म्हणताय?”

“हो, आजी.”

“मग कोणाची?”

कारकुनाने पुन्हा साहेबाला हाक मारली.